२०२ आणि ३०४ स्टील: फोटोत दोन्ही सारखीच चकचकीत

कपडे वाळत घालायचा स्टँड ऑनलाइन शोधा. दहापैकी दहा फोटोंत तोच लखलखीत पाइप आणि खाली 'स्टेनलेस स्टील, रस्टप्रूफ'. किमती मात्र कुठल्या कुठे. यामागे बऱ्याचदा स्टीलच्या ग्रेडचा एकच आकडा असतो: २०२ की ३०४.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. भांड्यांवर १८/८ लिहितात ते हेच. २०२ मध्ये क्रोमियम जवळपास तेवढंच, पण निकेल ४ ते ६ टक्के. उरलेली कसर मँगनीजने भरून काढलेली, कारण ते स्वस्त. गोव्यात समुद्रापासून आत, डिचोली-सांखळीला घरात स्टँड ठेवायचा असेल तर २०२ घ्यायला हरकत नाही. किनाऱ्यावरच्या कळंगुट-कोलव्याच्या उघड्या बाल्कांवात (ओसरीत) मात्र वाऱ्याबरोबर मीठ येऊन पाइपवर बसतं आणि स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर पोखरतं. वेल्डिंगपाशी हा थर आधीच कच्चा, म्हणून तांबूस डाग पहिल्यांदा सांध्यांवर दिसतात. अगदी किनाऱ्यालगत ३०४ वरही डाग येतात. अधूनमधून गोड्या पाण्याने पुसत राहावं. तिथे खरं तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचं ३१६ हवं, पण स्टँडमध्ये ते क्वचितच मिळतं.

'लोहचुंबक लावून बघा' हा सल्ला इथे निकामी. २०२ आणि ३०४, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. उलट वाकवलेल्या जागी ३०४ ला किंचित ओढ लागते आणि चांगला माल उगाच परत जातो. चुंबकाने कळतं ते एवढंच, की आत लोखंड किंवा ४३० (चुंबकाला चिकटणारं स्टेनलेस) आहे का. २०२ आणि ३०४ वेगळे ओळखायला मँगनीज तपासायचं द्रव मिळतं: थेंब टाकून छोट्या बॅटरीची तार टेकवली की २०२ वर तो लाल होतो, ३०४ वर होत नाही.

पानावर 'फूड ग्रेड', 'प्रीमियम एसएस' असले शब्द असतील तर ते ग्रेड नव्हेत. 'ग्रेड' या रकान्यात आकडाच हवा. नसेल तर विक्रेत्याला विचारा. आणि 'पाइप ३०४' म्हणजे अख्खा स्टँड ३०४ नव्हे. स्क्रू, रिव्हेट, चाकांचे बोल्ट बहुधा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात, फोटोत ते दिसतही नाहीत. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तपकिरी ओघळ येतो तो त्यांचाच.

जाडीही फोटोत कळत नाही, वजनात कळते. (बाहेरचा व्यास वजा जाडी) गुणिले जाडी, गुणिले ०.०२४९, सगळं मिलिमीटरमध्ये. उत्तर मीटरमागे किलो. २५ मिमीचा पाइप ०.८ मिमी जाड असेल तर मीटरला सुमारे ४८० ग्रॅम, ०.५ असेल तर जेमतेम ३०५. एक सुटा पाइप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, खरं-खोटं लगेच कळेल.

ऑर्डरच्या दिवशीच तपशिलाच्या रकान्याचा आणि विक्रेत्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉट घ्या. पान नंतर बदलता येतं. खोका उघडतानाचा व्हिडिओही ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहीर केलेल्या गुणधर्मांचा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तरी टाळाटाळ झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र पानावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' असेल तर २०२ पाठवूनही विक्रेता खोटा ठरत नाही, कारण तेही स्टेनलेसच.