वही कारखान्यासाठी पीएमईजीपी: सांगलीत अर्ज कुठे अडतो

सांगली जिल्ह्यात शाळेच्या वह्या, रजिस्टर, लिफाफे बनवण्याचं नवं युनिट टाकायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून (पीएमईजीपी) बँकेच्या कर्जावर अनुदान मिळतं. प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख, सेवेसाठी २० लाख. खाली दिलेले नियम २०२१-२२ ते २०२५-२६ या मंजूर कालावधीतले आहेत.

वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही, उत्पन्नाची अटही नाही. प्रकल्प १० लाखांच्या पुढे गेला तर आठवी पास लागते. कुटुंबात एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे पती-पत्नी. युनिट मात्र नवंच हवं. उत्साहाच्या भरात लोक आधीच उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काढतात, मशिन बसवतात, दोन-चार शाळांना माल देऊन बिलं फाडतात. मग ते चालू युनिट ठरतं आणि अर्ज तिथेच संपतो.

जागा ठरवताना घाई नको. ग्रामपंचायत हद्दीत सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, शहरात १५. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ग्रामीण भागात ३५ आणि शहरात २५. महिलेच्या नावाने २० लाखांचं युनिट बुधगाव किंवा कवलापूरला टाकलं तर अनुदान ७ लाख. तेच सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत टाकलं तर ५ लाख. पाच-दहा किलोमीटरसाठी दोन लाखांचा फरक! स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, बाकीच्यांना ५. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. शेडचं भाडं जास्तीत जास्त तीन वर्षांचं धरता येतं.

फॉर्ममध्ये उद्योगाचा प्रकार निवडताना छपाई किंवा बाइंडिंग निवडू नका. बाइंडिंग सेवेत गेलं की मर्यादा २० लाखांवर येते. वह्या, रजिस्टर, लिफाफे हे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात १७०९ या गटात, म्हणजे कागदाच्या इतर वस्तूंच्या उत्पादनात येतात.

कागदपत्रं नेहमीचीच: आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, ग्रामपंचायतीकडून ग्रामीण भागाचा दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, मशिनचं कोटेशन, प्रकल्प अहवाल. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

खरी परीक्षा प्रकल्प अहवालाची. तयार अहवाल विकत आणून नुसतं नाव बदललं, की बँकेच्या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते: एक टन कागदात वह्या किती? १८ बाय २४ सेंटिमीटरच्या २०० पानी वहीत १०० सुटे कागद असतात (एका कागदाच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं). कागद ६० जीएसएमचा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) धरला तर आतल्या कागदाचं वजन साधारण २५९ ग्रॅम. पाच टक्के कटिंग आणि खराबा सोडला तर टनात सुमारे ३,६६० वह्या निघतात. कव्हर, पिनची तार, पॅकिंग वेगळं. मशिनची यादी कामाच्या क्रमाने द्या: रुलिंग (रेघा आखणं), पिनिंग, फोल्डिंग, एज स्क्वेअरिंग (घडीची कड चौकोनी करणं), कटिंग. रुलिंग केलेला कागद बाहेरून घेणार असाल तर रुलिंग मशिन यादीत ठेवू नका. अहवाल आणि कोटेशन यांत तफावत दिसली की शंका येतेच.

जीएसटीचा हिशेबही जुन्या अहवालातून उचलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वह्यांवर कर शून्य आहे, रजिस्टर आणि डायरीवर १८ टक्के. विक्री करमुक्त असली की मशिनवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो.

अर्ज खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्याला फी नाही, त्यामुळे ‘सेटिंग’ लावून देणाऱ्याला पैसे देण्याची गरज नाही. यंत्रणा म्हणून जिल्हा उद्योग केंद्र, खादी मंडळ किंवा आयोग निवडता येतो. बँकेची शाखा मात्र आधी भेटून, तुमचं गाव तिच्या कार्यक्षेत्रात येतं का हे विचारूनच टाका. छाननीनंतर अर्ज बँकेत जातो. प्रकल्प पाच लाखांपर्यंत असेल तर उद्योजकता प्रशिक्षण पाच दिवसांचं, त्यापुढे दहा दिवसांचं. दोन लाखांपर्यंत सूट आहे. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतं. त्या ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जरकमेवरही व्याज लागत नाही. युनिटची प्रत्यक्ष तपासणी झाली की ते कर्जात वळतं होतं.

खेळत्या भांडवलाची अट वहीच्या धंद्याला विशेष बोचते. त्या तीन वर्षांत कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी बँकेनं दिलेल्या उचल खात्याची) मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसली पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. शाळा जूनमध्ये उघडतात, घाऊक व्यापारी एप्रिल-मेमध्ये माल उचलतात, म्हणजे कागदात पैसा गुंततो तो उन्हाळ्याच्या आधी. पावसाळ्यात खातं थंडच असतं. म्हणून मर्यादा मागतानाच जानेवारी ते मे या महिन्यांत किती टन कागद घेणार, त्यावरून आकडा काढा आणि रजिस्टर, लिफाफे यांसारखं वर्षभर खपणारं एखादं उत्पादन अहवालात असू द्या.