दहा फोटोंत 'मेलेला' सेल खरंच मेलेला असतो का?

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) बघायच्या म्हणजे रात्रभराचं जागरण. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या कामगारांनी जिवापाड जपलेली ही परंपरा. यंदा जेल रोडवर उभं असताना भाचीच्या हातात तिच्या आईचा जुना, दोन पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल कॅमेरा होता. पहिली झांकी पुढे सरकायच्या आत सेल संपले. पानाच्या दुकानातून नवी जोडी आणली. दहा-बारा फोटो काढले, की पुन्हा पडदा काळा. "मावशी, हा कॅमेरा सेल खातो गं. बिघडलाय नक्की."

घरी आल्यावर त्या 'मेलेल्या' सेलपैकी एक मी स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातला. घड्याळ लगेच टिकटिकू लागलं. म्हणजे सेलमध्ये ऊर्जा होती, पण कॅमेऱ्याला ती मिळत नव्हती. का?

भिंतीवरच्या घड्याळाला सरासरी पाव मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. फ्लॅश उडायच्या आधी आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुमारे 300 व्होल्टपर्यंत भरावा लागतो. ती बारीक शिट्टी ऐकू येते ना, तेव्हा हेच चाललेलं असतं. 150 मायक्रोफॅरड क्षमतेचा कपॅसिटर धरला, तर त्यात जवळपास 7 ज्यूल ऊर्जा साठते. वाटेत काही वाया जाते, म्हणून सेलकडून 10 ज्यूल घ्यावे लागतात. हे चार सेकंदांत करायचं, तर सुमारे 1 अँपिअर प्रवाह हवा. घड्याळाच्या चार हजार पट!

आता शाळेतला ओहमचा नियम आठवा: प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्ट. प्रत्येक सेलच्या पोटात स्वतःचा रोध असतो. ताज्या अल्कलाइन सेलचा समजा 0.2 ओहम. दोन सेलचे 3 व्होल्ट, त्यातून 1 अँपिअर ओढला की 0.4 व्होल्ट आतच जिरतात आणि कॅमेऱ्याला 2.6 मिळतात. इथवर ठीक. सेल अर्धा वापरला, की व्होल्टेज उतरतं आणि रोध वाढतो. समजा 1.25 व्होल्ट आणि 0.4 ओहम. दोघांचे मिळून 2.5, त्यातले 0.8 आत गेले, हाती उरले 1.7. दोनच्या आसपास कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. घड्याळाच्या चिमूटभर प्रवाहाला मात्र या रोधाचा पत्ताही लागत नाही.

इथेच एक गैरसमज आडवा येतो: चार्जिंगचा निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा, म्हणजे 1.5वाल्यापेक्षा कमजोर. हिशेब करून बघा. त्याचा रोध 0.04 ओहम धरला, तर दोन सेलच्या 2.4 व्होल्टमधले फक्त 0.08 आत जातात. कॅमेऱ्याला 2.32 मिळतात, आणि सेल बराच रिकामा होईपर्यंत मिळत राहतात.

एवढा फरक का, हे मला फार आवडतं. अल्कलाइन सेल आतून मोदकासारखा असतो: मधोमध जस्ताच्या भुकटीचं सारण, भोवती मँगनीज डायऑक्साइडचं जाड कवच. दोघं एकमेकांना भेटतात ती जागा लहान. शिवाय मँगनीज डायऑक्साइडच्या कणांत प्रोटॉन हळूहळू शिरतात. घाई केली, की कणांचा पृष्ठभाग आधी वापरला जातो आणि गाभा कोराच राहतो. थोडा वेळ थांबलं, की प्रोटॉन आत पसरतात. बंद पडलेला कॅमेरा पाच मिनिटांनी आणखी दोन फोटो देतो, तो यामुळेच. चार्जिंगचा सेल मात्र सुरळीच्या वडीसारखा. पातळ पट्ट्या, मध्ये विभाजक, आणि सगळं गुंडाळलेलं. क्षेत्रफळ कितीतरी मोठं, म्हणून रोध कमी.

पानाच्या दुकानातले सेल बहुतेक झिंक-कार्बनचे. ते अल्कलाइनपेक्षाही कच्चे, वेष्टनावर 'हेवी ड्यूटी' छापलेलं असलं तरी. सेल फ्रिजमध्ये ठेवणं, उन्हात तापवणं, दातांनी चावणं यानं ऊर्जा भरत नाही. थंड सेल उलट कमी प्रवाह देतो, तापवल्यावर घटकाभर उत्साह दाखवतो इतकंच. अल्कलाइन सेल चावणं तर धोक्याचं, कारण आत कॉस्टिक पोटॅश असतं. मुलांना हे जरूर सांगा.

भाचीला चार्जिंगचे सेल दिले, तरी पहिल्या दिवशी कॅमेरा लवकरच बंद पडला. झाकण उघडलं, तर स्प्रिंगवर पांढरा थर: कधीकाळी गळलेल्या सेलचा. तोही रोधच. पाव ओहम तिथे अडकला, तर पाव व्होल्ट तिथेच गेला. सेल काढून, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं, मग ओल्या बोळ्यानं, आणि पूर्ण वाळू दिलं. मेनूत सेलचा प्रकारही बदलला, नाहीतर कॅमेरा 1.2 व्होल्ट बघून सेल संपला असं समजतो.

तरीही चार सेलच्या दोन जोड्यांपैकी एकीचं जमेना. एक कमजोर सेल जोडीदारालाही निकामी ठरवतो. कोणता, हे नुसत्या मल्टिमीटरनं कळत नाही, काही जोडलेलं नसताना सगळेच 1.3 दाखवतात. पूर्ण चार्ज केलेल्या सेलला 1 ओहमचा, 2 वॅटचा रोधक (रेझिस्टर) दहा सेकंद जोडा आणि तेव्हाचं व्होल्टेज वाचा. तीन सेल 1.2च्या आसपास टिकले. चौथा 0.9वर घसरला. त्यावर भाचीनं मार्करनं फुली मारली आणि तो आता टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे.