डिझेलचा ॲव्हरेज आणि डिझेलचा भाव

एक लिटर डिझेलचं वजन साधारण 830 ग्रॅम भरतं, पेट्रोलचं 740च्या आसपास. आपण इंधन लिटरवर घेतो आणि ॲव्हरेजही लिटरवर मोजतो, त्यामुळे डिझेलच्या लिटरमागे दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा आयतीच पदरात पडते. सारख्याच आकाराच्या दोन गाड्यांपैकी पेट्रोलवाली 17 आणि डिझेलवाली 21चा ॲव्हरेज देत असेल, तर त्या फरकातला जवळपास अर्धा वाटा या वजनाचा. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. अशा लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते.

उरलेला अर्धा वाटा इंजिनाचा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा 15 ते 18 पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पेट्रोल इंजिनात एवढा दाब दिला तर मिश्रण अवेळी पेटतं, नॉकिंग होतं, म्हणून तिथे बहुधा 10-11 पटींवर थांबावं लागतं. दाब जितका जास्त, तितका उष्णतेचा मोठा हिस्सा कामाला लागतो. शिवाय पेट्रोल गाडी हळू चालत असताना थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते आणि हवा ओढण्यातच इंजिनाची ताकद जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते. कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल.

हे सगळं कोणतंही सरकार आलं तरी तसंच राहणार. बदलतो तो भाव. मे 2012च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल सुमारे 73 रुपये होतं आणि डिझेल 41. पेट्रोलचा भाव जून 2010 मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला होता; डिझेल मात्र ट्रॅक्टर, एसटी आणि ट्रकचं इंधन म्हणून धरून ठेवलं होतं. हेतू रास्त होता, पण पंपावरच्या नोझलला ट्रॅक्टर आणि मोटार यांतला फरक कळत नाही. शेतकऱ्याच्या नावाची सवलत मोटारींच्या टाकीत गेली आणि डिझेल मोटारींचा खप फुगला.

जानेवारी 2013पासून डिझेल दरमहा साधारण 50 पैशांनी वाढू लागलं आणि ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रण उठलं. नेमकं तेव्हाच कच्चं तेल घसरलं. पण ती स्वस्ताई पंपापर्यंत पुरती पोचलीच नाही, कारण केंद्राने अबकारी वाढवत नेली: एप्रिल 2014 मध्ये डिझेलवर लिटरमागे 3.56 रुपये, मे 2020 मध्ये 31.83. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022च्या कपातींनंतर ती 15.80वर आली, एप्रिल 2025 मध्ये पुन्हा दोन रुपये वाढली. त्यावर महाराष्ट्राचा 21 टक्के व्हॅट, आणि तो अबकारी धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. केंद्राच्या शुल्कातला मोठा भाग उपकर आणि विशेष शुल्क असल्यामुळे त्यात राज्यांना वाटा मिळत नाही, म्हणून राज्यंही व्हॅट सोडायला नाखूश असतात. मोटारवाल्याला निदान पेट्रोल किंवा सीएनजीकडे वळता येतं. रावेर-यावलची केळी उत्तरेत नेणाऱ्या ट्रकचं काय? कराचं खरं ओझं त्याच्यावर आणि शेतातल्या ट्रॅक्टरवर आहे, आणि ते अन्यायाचं आहे.

आता हिशोब. 2025चे खान्देशातले भाव ढोबळमानाने पेट्रोल 105, डिझेल 92 धरा. 17च्या ॲव्हरेजने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला 6.18 रुपये, 21च्या ॲव्हरेजने डिझेलचा 4.38. बचत 1.80. डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला सुमारे 83 हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला सात वर्षं, अडीच हजार फिरणाऱ्याला पावणेतीन. नवापूरकडचं गणित वेगळं आहे. हद्दीपलीकडे गुजरातेत पेट्रोल दहाएक रुपयांनी स्वस्त, डिझेल मात्र फार तर रुपया-दोन रुपयांनी. तिथे टाकी भरणाऱ्याची बचत किलोमीटरला सव्वा रुपयावर येते आणि वसुली सव्वा लाख किलोमीटरच्या घरात जाते.

वसुलीत न दिसणारा खर्च सायलेन्सरच्या वाटेवर असतो. एप्रिल 2020पासूनच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी असते. साठलेली काजळी जाळायला तिथलं तापमान 550-600 अंशांवर न्यावं लागतं, म्हणून इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं. गाडी फक्त घर, बाजार, शाळा अशी चार-पाच किलोमीटर फिरत असेल, तर हे जळण दरवेळी अर्ध्यावर तुटतं. जाळी तुंबते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय असं समजा आणि बदलून घ्या. गाडी उभी असताना आरपीएम चढलेला, पंखा जोरात आणि तापलेला वास, अशी लक्षणं दिसली की जळण चालू आहे. इंजिन बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागलाच तर जळगावहून भुसावळच्या बाजूला हायवेवर काढा आणि साठच्या वर एकसारख्या वेगाने, 2000 आरपीएमच्या पुढे, वीसेक मिनिटं चालवा. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीची ताकद कमी झाली असेल, तर हा प्रयोग करू नका, थेट वर्कशॉप गाठा. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेलं, कमी राखेचंच टाका. काजळी जळते, राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते.

शेतावरच्या ड्रममधलं डिझेल मोटारीत ओतू नका. ड्रमच्या तळाशी पाणी साचतं आणि 1600 ते 2000 बार दाबावर चालणाऱ्या इंजेक्टरला ते थेंबभरही सोसत नाही. डिझेल फिल्टरमधलं पाणी सर्व्हिसिंगला काढून घ्या, पावसाळ्यानंतर तर नक्कीच.

काही गाड्यांत डीईएफही लागतं, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारं 32.5 टक्के युरियाचं द्रावण. ते पूर्ण संपलं तर बऱ्याच गाड्या बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाहीत. 30 अंशांखाली ते साधारण वर्षभर टिकतं, 35 अंशांना सहा महिने. भुसावळच्या 45 अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा त्याआधीच खराब होऊ शकतो, तेव्हा उन्हाळ्यात साठा करू नका आणि विकत घेताना डब्यावरची तारीख बघा.