खाज आणि दाहजन्य वेदना

खाज म्हणजे खाजवण्याची इच्छा निर्माण करणारी अप्रिय संवेदना. जर्मन वैद्य झामुएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केलेली ही व्याख्या आजही चालते. खाज ही सौम्य वेदनाच, असा समज बराच काळ होता. पण चटका बसला की हात मागे येतो आणि खाज सुटली की हात तिकडेच जातो. मॉर्फीनने वेदना शमते, त्यानेच अनेकांना खाज मात्र सुटते.

डास चावला की त्वचेतील मास्ट पेशी या प्रतिकारपेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. केशवाहिन्या रुंदावून त्यांतून द्रव पाझरतो, गांधी उठते आणि ‘सी’ प्रकारच्या चेतातंतूंचा एक खास गट चेतवला जातो. मायेलिनचे आवरण नसलेल्या या बारीक तंतूंतून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो.

सगळी खाज हिस्टामिनची नसते, याचा पुरावा सह्याद्रीच्या रानात वेलीला लटकलेला दिसतो. खाजकुइलीच्या शेंगेवरची बारीक कुसे अंगाला लागली की माणूस हैराण होतो, पण गांधी उठतेच असे नाही. कुसांतील म्युक्युनेन हे एन्झाइम चेतातंतूंवरील ‘पार-२’ आणि ‘पार-४’ या ग्राहींचा (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचा) तुकडा तोडून त्यांना जागे करते आणि संदेश वेगळ्या ‘सी’ तंतूंवरून जातो. त्यामुळे हिस्टामिनला अडवणारी ॲलर्जीची गोळी इथे लागू पडत नाही. इसबातली खाजही बहुतांशी हिस्टामिनबाह्य असते. तिच्यामागे इंटरल्यूकिन-४, १३ आणि ३१ हे प्रतिकारपेशींचे निरोप्या रेणू असतात. म्हणून इसबाच्या रुग्णाला निव्वळ ॲलर्जीच्या गोळ्यांवर ठेवणे अपुरे ठरते.

दाहजन्य, म्हणजे सुजेमुळे होणाऱ्या वेदनेत चेतातंतू हळवे होतात. टीआरपीव्ही-१ ही चेतातंतूच्या आवरणातील दारासारखी मार्गिका एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसला किंवा मिरचीतील कॅप्सायसिनने उघडते. सुजलेल्या जागी जमलेले ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन आणि चेतावृद्धी घटक ही द्रव्ये तिची उघडण्याची तापमान-पातळी खाली आणतात. उन्हाने पोळलेल्या पाठीला कोमट पाणीही झोंबते ते यामुळे. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. गंमत म्हणजे हिस्टामिनच्या खाजेलाही हीच टीआरपीव्ही-१ लागते.

खाजवल्याने होणारी हलकी वेदना मज्जारज्जूतील निरोधक चेतापेशींना कामाला लावते, त्या खाजेचा संदेश दाबतात आणि घटकाभर बरे वाटते. पण नखांनी त्वचेचा वरचा थर फाटतो, दुखावलेल्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात, चेतातंतूंच्या टोकांतून सबस्टन्स-पी हा दाह वाढवणारा रेणू झरतो आणि खाज पुन्हा उसळते. हे महिनोन्‌महिने चालले, तर घोट्यावरची किंवा मानेवरची कातडी जाड, काळपट आणि खरबरीत होते.