तेरा ‘एन’ची फट: वनस्पतींच्या जीनोम असेंब्लीतले ऑप्टिकल मॅपिंग

जीनोम असेंब्ली म्हणजे वाचलेल्या तुकड्यांतून डीएनएचा पूर्ण क्रम जोडणे. या जोडणीला आधार देणाऱ्या ऑप्टिकल मॅपिंगची सुरुवात १९९३मध्ये यीस्टच्या गुणसूत्रांपासून झाली. डीएनएचे लांब रेणू ताणायचे, ठरावीक क्रमावर कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने जागच्या जागी कापायचे आणि तुकड्यांच्या लांबीचा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. मक्याच्या बी७३ वाणाचा असा मॅप २००९मध्ये आला. पण गव्हासारख्या सहागुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेल्या), सुमारे ८५ टक्के ट्रान्सपोझॉनांनी, म्हणजे जागा बदलणाऱ्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांनी भरलेल्या जीनोमात हे तंत्र कामाचे झाले ते २०१२नंतर, नॅनोचॅनेल, म्हणजे रेणू सरळ ताणून धरणाऱ्या अतिअरुंद वाहिन्या आल्यावर.

नॅनोचॅनेलात रेणू कापत नाहीत, त्यावर चमकत्या खुणा करतात. आधी निकिंग एन्झाइम वापरत: जीसीटीसीटीटीसी हा क्रम दिसला की एका धाग्याला खाच पाडायची आणि तिथे रंग भरायचा. समोरासमोरच्या धाग्यांवर दोन खाचा जवळ पडल्या, तर रेणू तिथे तुटतो. सगळे रेणू त्याच जागी तुटत असल्याने कव्हरेज (एका जागेवरच्या रेणूंची संख्या) कितीही वाढवले तरी मॅप पुढे जात नाही. २०१८च्या सुमारास आलेले डीएलई-१ हे एन्झाइम खाच न पाडता सीटीटीएएजीवर खूण चिकटवते. मॅप लांब झाले ते त्यामुळे. गव्हाच्या संदर्भ जीनोमची २०२१ची सुधारित आवृत्ती दोन्ही प्रकारच्या मॅपांवर उभी आहे.

नमुन्याचे काम मात्र तेवढेच कठीण राहिले. साधारण १५० हजार बेसपेक्षा लहान रेणू विश्लेषणातून गाळले जातात, त्यामुळे सीटॅब या डिटर्जंटने काढलेला, तुटका डीएनए इथे चालत नाही. कोवळी पाने, शक्यतो अंधारात ठेवलेली. आधी केंद्रके वेगळी करायची, ती ॲगॅरोज जेलच्या छोट्या ठोकळ्यात, म्हणजे प्लगमध्ये बसवायची, मग प्रथिने पचवणारे प्रोटीनेज-के. बफरमध्ये पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ही संरक्षक रसायने कमी पडली, तर पानातले पॉलिफिनॉल डीएनएला चिकटतात, प्लग तपकिरी होतो आणि खुणांची घनता घसरते. नंतर फक्त रुंद तोंडाचे टिप. व्हॉर्टेक्स अजिबात नाही.

खरा वाद आहे तो शेवटच्या पायरीवर, हायब्रिड स्कॅफोल्डिंगमध्ये, म्हणजे वाचलेल्या क्रमाचे सलग तुकडे (कॉन्टिग) मॅपवर बसवून जोडण्यात. मॅपवर शेजारी बसलेल्या दोन कॉन्टिगांमधले अंतर धन असेल, तर तेवढे ‘एन’, म्हणजे अज्ञात बेसची अक्षरे, भरतात. ते ऋण आले, म्हणजे कॉन्टिगांची टोके एकमेकांवर चढली, तर प्रचलित सॉफ्टवेअर क्रम न जुळवता ठरावीक १३ ‘एन’ घालून मोकळे होते. याला गॅप म्हणणे दिशाभूल करणारे आहे, कारण तिथे काहीही गहाळ नसते. उलट २० हजार बेसचा भाग दोन्ही टोकांवर असेल, तर तो असेंब्लीत दोनदा येतो आणि त्यातले जनुक लागोपाठच्या दोन प्रती म्हणून नोंदले जाते. बहुगुणित पिकात, जिथे प्रतींची संख्या हाच प्रश्न असतो, ही चूक महाग पडते. एन-५०, म्हणजे असेंब्लीतले तुकडे किती लांब आहेत हे सांगणारे माप, मात्र उत्तमच दिसते.

म्हणून सरसकट जोडून टाकावे का? तेही नाही. काहीशे बेसचे ऋण अंतर बहुतेकदा मॅपच्या मोजमापातली चूक असते. ते तसेच ठेवावे. अंतर हजारोंत गेले की आधी दोन टोकांचा क्रम एकमेकांशी लावून पाहावा. जुळणी जवळपास पूर्ण असेल आणि लांब रीड (एका दमात वाचलेले लांब क्रम) ती ओलांडत असतील, तरच जोडावे. फरक जास्त असेल, तर एक टोक दुसऱ्या हॅप्लोटाइपचे, म्हणजे त्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या प्रतीचे असू शकते आणि जोडल्यावर दोन हॅप्लोटाइप एकाच धाग्यात शिवले जातात. मॅप आणि कॉन्टिग यांत विसंगती आल्यावर कोणाला कापायचे, हेही त्या जागेवरून सलग जाणारे रेणू मोजूनच ठरवावे. आपोआप निर्णय घेणाऱ्या सेटिंगवर सोडू नये.

लांब आणि अचूक अशा हायफाय रीडनंतर कॉन्टिग लांब झाले आणि अशा जागा हाताने तपासता येतील इतक्या कमी उरल्या. केंद्रकात एकमेकांजवळ असलेले डीएनएचे भाग शोधणारे हाय-सी तंत्र कॉन्टिगांचा क्रम देते, पण बेसमध्ये मोजलेले अंतर देत नाही. त्यासाठी मॅप आजही लागतो. सेंट्रोमिअरच्या सॅटेलाइट रांगांत मात्र एकाच लांबीचे एकक हजारो वेळा येते. एककात सीटीटीएएजी नसेल तर लाखो बेस खुणेविना जातात आणि असेल तर सगळ्या खुणा सारख्याच अंतरावर पडतात. दोन्ही वेळा रेणू नेमका कुठला, हे मॅपला सांगता येत नाही.