शी हे आडनाव, चिनफिंग हे नाव

भारत-चीन चर्चेची बातमी आली की मराठी मथळ्यात ‘मोदी-जिनपिंग भेट’ हमखास छापून येते. यातले मोदी हे आडनाव आणि जिनपिंग हे पाळण्यातले नाव. कुणी ‘नरेंद्र-शी भेट’ असे छापले तर लगेच खटकेल, पण हे खटकत नाही. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, ही सवय आपल्याला इंग्रजीने लावली आहे. एरवी दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलेही आडनाव पहिलेच असते. चिनी माणसाचे नाव जन्मभर त्याच क्रमाने चालते: आधी घराण्याचे, मग स्वतःचे.

एकटा ‘शी’ मथळ्यात घालायला मराठी माणसाचा हात धजावत नाही, हे समजण्यासारखे आहे. मग ‘अध्यक्ष शी’ लिहावे, नाहीतर पूर्ण नाव द्यावे.

इंग्रजी लिखाणातला संकेत साधा आहे: पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे फक्त आडनाव. घोळ होतो तो आडनाव ओळखण्यात. चीनमध्ये राहणाऱ्यांची नावे इंग्रजी बातम्यांत बहुधा मूळ क्रमानेच येतात, पण अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक जण क्रम उलटा करून घेतात. पदार्थविज्ञानातला ‘यांग-मिल्स’ सिद्धांत ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते चेन-निंग यांग तसेच. दोन अवयवांचा (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांचा) किंवा मधे जोडरेघ असलेला लांब भाग बहुतेक वेळा नाव असतो आणि एका अवयवाचा तुकडा आडनाव. ओउयांगसारखी दोन अवयवांची आडनावे थोडी आहेत.

2015 साली वैद्यकाचे नोबेल जाहीर झाले तेव्हा घोषणेत ‘योयो तू’ असे नाव होते. त्यांच्या देशात त्या तू योयो. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या या बाईंचे नाव नीट उलगडून पाहावे असे आहे. चिनी भाषेतल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात एक ओळ आहे: हरणे ‘योयो’ असा आवाज करीत रानातले ‘हाव’ खातात. त्यावरून वडिलांनी मुलीचे नाव योयो ठेवले. हे हाव म्हणजे दवण्याच्या जातकुळीतली (शास्त्रीय नाव आर्टेमिसिया) वनस्पती. आपण जोतिबाला दवणा वाहतो, तोही आर्टेमिसियाच. पुढे मोठेपणी तू यांनी औषध काढले ते ‘छिंगहाव’ या वनस्पतीतून! नाव ठेवताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसणार.

आता उच्चार. 1958 साली चीनने पिनयिन ही रोमन लेखनपद्धती स्वीकारली. तिची अक्षरे इंग्रजी असली तरी आवाज इंग्रजी नाहीत. ‘एक्स’ म्हणजे श, ‘क्यू’ म्हणजे छ. 2014 मध्ये शी भारतात आले होते, तेव्हा एका बातमीपत्रात त्यांचे नाव चक्क ‘इलेव्हन जिनपिंग’ असे वाचले गेले. एक्स-आय हा रोमन अकरा वाटला. पिनयिनमधले बी, डी, जी हे प, त, कच्या जवळचे आहेत आणि पी, टी, के हे फ, थ, खच्या. हा फ दोन्ही ओठ मिटून काढायचा. इंग्रजी कानाला प आणि फमधला हा फरक पकडायला कष्ट पडतात, आपण तो बाराखडीबरोबरच शिकतो. ‘झेड’ तर थेट ‘चाक’मधला च आहे. जुन्या मराठी पुस्तकांतले ‘माओ त्से-तुंग’ हे आजच्या ‘झेडाँग’पेक्षा खऱ्या उच्चाराच्या जवळ होते. म्हणून माझा आग्रह असा, की चिनी नाव मराठीत आणताना इंग्रजीच्या दारातून आणू नये. देवनागरीत ‘शी चिनफिंग’ सरळ लिहिता येते.

रोमन लिपीत सूर मात्र हरवतात. एकच अवयव वेगळ्या सुरात वेगळा शब्द होतो, आणि रोजच्या पिनयिन लेखनात सुरांच्या खुणा कुणी देत नाही. 1928 मध्ये स्वीकारलेल्या एका पद्धतीत सूर स्पेलिंगमध्येच गुंफलेला असे. थोर गणिती शिंग-शेन चर्न यांच्या आडनावातला ‘आर’ त्यातलाच. तो उच्चारायचा नसतो, आवाज खालून वर न्यायचा एवढेच तो सांगतो. आडनाव आहे चेन. तरीही ‘चर्न’चे ‘चेन’ करू नये. ते स्पेलिंग त्यांनी स्वतः वापरले आणि गणितात ते त्याच रूपात रुजले आहे.

वांग, ली, झांग, लिऊ, चेन या पाच आडनावांतच चीनची तीस टक्क्यांहून अधिक माणसे येतात. त्यात सूर गेले, नावाचे आद्याक्षर तेवढे उरले, की शोधनिबंधावरचा ‘डब्ल्यू. वांग’ नेमका कोण? ‘वेई वांग’ असे पूर्ण लिहिले तरी वेगवेगळ्या चित्राक्षरांची कितीतरी माणसे त्यात मावतात. अखेर पदार्थविज्ञानाच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ नियतकालिकांनी 2007 मध्ये लेखकाचे नाव कंसात चिनी लिपीतही छापण्याची मुभा दिली. 2012 पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख-क्रमांकही मिळू लागला.

चिनी स्त्री लग्नानंतर माहेरचे आडनाव सोडत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. त्या शेवटपर्यंत क्वोच राहिल्या. डॉक्टरांनाही चिनी नाव मिळाले: खअ तीह्वा. ‘खअ’ कोटणीसमधल्या ‘को’वरून घेतलेले आडनाव, तर शेवटच्या ‘ह्वा’चा अर्थ चीन. 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनह्वा ठेवले. यिन म्हणजे भारत.