पात्याचे काठिण्य आणि पात्याचा चिवटपणा

रानात वापरायची सुरी निवडताना ‘पोलाद किती कडक आहे’ एवढेच बहुतेक जण विचारतात आणि कडक म्हणजेच मजबूत असे धरून चालतात. प्रत्यक्षात काठिण्य आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण असून एकाच पोलादात एक वाढवायला गेले की दुसरा सहसा घटतो. काठिण्यामुळे पाते दाबाखाली दबत किंवा वळत नाही, तर चिवटपणामुळे ते तडाखा बसला तरी तडकत नाही.

रॉकवेल चाचणीत हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने पोलादात रुतवतात आणि ते किती खोल गेले त्यावरून काठिण्याचा आकडा काढतात. चार्पी चाचणीत खाच पाडलेला तुकडा लोलकाच्या एका घावाने तोडून त्यात किती ऊर्जा खर्ची पडली, त्यावरून चिवटपणा मोजतात. सुरीच्या वर्णनात मात्र बहुधा पहिलाच आकडा दिलेला असतो, त्यामुळे ६२ रॉकवेलची सुरी ५७ च्या सुरीपेक्षा सरसकट चांगली वाटते आणि गल्लत होते ती इथेच.

हे गुण पोलादाच्या जातीइतकेच त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे ते तापवून थंड करण्याच्या पद्धतीवर, ठरतात. साधे कार्बन पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवले की ते अतिशय कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून थोडे काठिण्य सोडतात आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळवतात.

वापरलेली धार उजेडात समोर धरून पाहावी. मऊ पात्याची धार एका अंगाला वळलेली असते आणि तेवढीच रेघ चकाकते. अतिकडक पात्याला चंद्रकोरीसारखे बारीक खांडे पडतात, त्यांत नख अडकते. वळलेली धार दगडावर थोडी घासली की सरळ होते, खांडा घालवायला मात्र बरेच पोलाद झिजवावे लागते आणि मुक्कामावर ते फार जिकिरीचे असते.

दोर कापणे, मासे साफ करणे, लाकूड हलक्या हाताने तासणे एवढेच काम असेल, तर ६० च्या पुढचे पाते खुशाल घ्यावे, कारण त्याची धार अधिक टिकते. पाते लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकायचे असेल, तर ५६ ते ५८ पुरे. झुडपे तोडायचा कोयता तर मुद्दाम त्याहून मऊ ठेवतात. कडाक्याच्या थंडीत पोलाद अधिक ठिसूळ होते आणि गोठलेले लाकूड दगडासारखे लागते, तेव्हा तिथे चिवटपणाच आधी पाहावा. समुद्रकाठी गंजाचा प्रश्न तिसराच आहे. त्याविषयी रॉकवेलचा आकडा काहीच सांगत नाही.

एकच सुरी न्यायची झाली, तर मी ५७-५८ ची नेईन, मग तिला रोज संध्याकाळी धार लावावी लागली तरी चालेल.